मनातले एकत्र कुटुंब
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या वर्धापनदिनाला दरवर्षी कोणी तरी शिकल्यासवरल्या पाहुण्या बाई बोलावयास येतात. यंदा चिटणीसबाईंनी आग्रह धरला की, सभासदांपैकीच कोणी तरी बोलावे. आणि माळ माझ्या गळ्यात पडली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लोणच्यापापडाच्या वर्गात मी कितीही वेळ बोलू शकते, पण अशा व्यासपीठावर उभे राहण्याची ही पहिलीच खेप. तेव्हा कोठे अडखळले तर सांभाळून घ्यावे. जो विषय मी आज घेतला आहे, तो मी स्वतः भोगून शिकले आहे, एवढाच माझा अधिकार.

विषय आहे मनाचा. आपण बोलताबोलता सहज म्हणतो, "एक मन म्हणतं, भावाच्या घरच्या लग्नाला जावं, दुसरं मन म्हणतं, मागचा अपमान विसरलीस का?" आपल्यापैकी कोणीही असे म्हटले तर ऐकणारीला नवल वाटत नाही. एका बाईला दोन मने कशी, असे कोणी विचारीत नाही. कारण आपल्या सगळ्यांनाच ठाऊक आहे की, आत एकजण नसतो. आत घर भरलेले असते.

हीच साधी गोष्ट अमेरिकेतल्या एका मानसोपचार करणाऱ्या गृहस्थांनी मनावर घेतली आणि त्यातून उपचाराची एक पद्धत उभी केली. त्यांचे नाव रिचर्ड श्वार्ट्झ. १९८० नंतरच्या काही वर्षांत ते शिकागो येथे काम करीत होते. त्यांचे शिक्षण कुटुंबांवर उपचार करण्याचे. म्हणजे घरातील एक माणूस आजारी असेल तर सगळ्या घराला समोर बसवावयाचे, कोण कोणाला दाबतो, कोण कोणाची बाजू घेतो हे पाहावयाचे, आणि घराची घडी नीट बसवावयाची. त्यांच्याकडे काही तरुण मुली येत. त्यांना एक विचित्र आजार असे. अधाशासारखे खावयाचे आणि मग ते मुद्दाम ओकून काढावयाचे. घरच्या माणसांचे वागणे सुधारले तरी काही मुलींचे दुखणे थांबेना. तेव्हा त्यांनी त्या मुलींनाच विचारले, की असे करावयाच्या आधी तुमच्या मनात काय होते? मुली सांगू लागल्या, "माझ्यातली एक मला सारखी नावं ठेवते. ती बोलू लागली की दुसरी एक रडते. मग तिसरी येते आणि म्हणते, चल, खा, म्हणजे काही ऐकू येणार नाही."

श्वार्ट्झ यांच्या ध्यानात आले की, हे तर आपल्या ओळखीचेच आहे. हे एक कुटुंबच आहे. फक्त ते आत राहते.

पहिल्यापहिल्याने तेही चुकले, आणि ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. एक तरुणी स्वतःच्या अंगावर जखमा करून घेत असे. तिच्या मनाच्या त्या भागाशी त्यांनी दीड-दोन तास वाद घातला आणि "या आठवड्यात असे करणार नाही" असे वदवून घेतले. पुढच्या वेळी ती आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जखम होती. ते हताश झाले. म्हणाले, "मी हरलो. या खेळात मी तुला जिंकू शकत नाही." तेव्हा त्या भागाकडून उत्तर आले की, मलाही तुम्हाला हरवावयाचे नाही. मग त्यांनी पहिल्यांदाच नुसते विचारले, की तू हे का करतोस? आणि लहानपणी तिच्यावर अत्याचार होत असताना याच भागाने तिला त्या यातनेपासून कसे दूर नेले होते, याची सगळी हकीकत बाहेर आली. ज्याला ते शत्रू समजत होते तो राखणदार निघाला. त्यांचे या पद्धतीवरील पहिले मोठे पुस्तक १९९५ साली निघाले, आणि २०२१ साली सामान्य वाचकांसाठी 'नो बॅड पार्ट्स' हे पुस्तक निघाले. मनाचा कोणताही भाग वाईट नसतो, असा त्या नावाचा अर्थ. माझ्या मुलीने ते वाचून मला मराठीत समजावून सांगितले.

आता त्यांचे म्हणणे आपल्या भाषेत सांगते. आपण एकत्र कुटुंब पाहिलेले आहे, म्हणून आपल्याला ते लवकर कळेल.

घरात एक कारभारीण असते. किल्ल्या तिच्या कमरेला. पाहुणा येण्याआधी फराळ तयार हवा, कोणी नाव ठेवता कामा नये, मुलांचे पाऊल वाकडे पडता कामा नये, ही तिची चिंता. मनातही अशा कारभारणी असतात. "नीट वाग, लोक काय म्हणतील, आधीच सावध राहा," हे त्यांचे बोलणे. अनर्थ होण्याआधीच तो टाळावा हे त्यांचे काम.

दुसरे असतात बंबवाले. घराला आग लागली की बंब येतो तेव्हा तो गालिचा भिजेल की पुस्तके भिजतील हे पाहत नाही. आग विझली पाहिजे, मग बाकी काही होवो. मनात फार जुने दुःख एकाएकी भडकले की हे धावून येतात. कोणी संतापाने घर डोक्यावर घेते, कोणी खातच सुटते, कोणी दारूच्या बाटलीकडे वळतो, कोणी पहाटेपर्यंत मोबाइल खाली ठेवीत नाही. आपण त्याला व्यसन किंवा दुर्गुण म्हणतो. पण आत कोठे तरी आग लागली आहे, ही त्याची पहिली खूण असते.

आणि तिसरे, माळ्यावर कोंडून ठेवलेले मूल. त्याने काही भयंकर पाहिलेले असते. त्याचे रडणे कोणाला सहन होत नाही, म्हणून त्याला वर ठेवून खालून कडी लावलेली असते. श्वार्ट्झ यांनी यांना 'हद्दपार' असे नाव दिले आहे. कारभारीण त्या मुलाला खाली येऊ देत नाही. ते हुंदके देऊ लागले की बंबवाले धावतात. सगळ्या घराची धावपळ त्या एका मुलापायी चाललेली असते, पण त्याच्याजवळ जाऊन कोणी बसत नाही.

या सगळ्यांखेरीज घरात आणखी एकजण असते, ती म्हणजे घरधनीण, मूळची आपण. तिच्या ठिकाणी शांतपणा असतो, जाणून घेण्याची इच्छा असते, दया असते, धीर असतो. संकटाने ती नाहीशी होत नाही. गर्दीत मागे ढकलली जाते एवढेच. तिला पुढे आणावयाचे आणि तिने एकेकाची विचारपूस करावयाची, हाच सारा उपचार.

ही शिकागोची गोष्ट सोलापूरच्या स्वयंपाकघरात कशी शिरली, ते आता सांगते.

माझे माहेर किल्लारीजवळच्या एका खेड्यातले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तेथे काय झाले हे आपण सर्व जाणता. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून माणसे उशिरा निजली होती. आमच्याकडची घरे दगड-मातीची, भिंती हात-दीड हात जाड, आणि वर लाकडावर मातीचा थर घातलेले जड माळवद. ते सगळे निजल्या माणसांवर आले. हजारो माणसे गेली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली.

मी तेरा वर्षांची होते. मिरवणूक पाहून घरी आले तेव्हा माझ्या नेहमीच्या जागी, भिंतीकडेला, धाकटा भाऊ झोपून गेला होता. मी दाराशी पडले. मी कमरेपर्यंत गाडली गेले आणि उजाडल्यावर लोकांनी मला काढले. तोवर भावाची हाक काही वेळ येत होती. मग ती थांबली.

शाळा तेथेच संपली. मावशीकडे राहिले, लग्न झाले, इकडे आले, दोन मुले झाली. आमच्या घरात भावाचे नाव कोणी घेत नसे. आई नाही, वडील नाहीत, मीही नाही. दिवस चांगले चालले होते. परंतु सभेतल्या काही भगिनींना माझ्या सवयी ठाऊक आहेत. मी दाराजवळच निजते. उशाशी विजेरी, चपला आणि पाण्याचा तांब्या असतो. कोणाच्याही घरी गेले की आधी बाहेर पडावयाची वाट पाहून ठेवते. आणि आमच्या रस्त्यावरून रात्री एखादा जड ट्रक गेला आणि मांडणीवरची भांडी किणकिणली, की मी उठून मोरीत भांडी घासावयास बसते. घासलेलीच भांडी पुन्हा घासते. पहाटे तीनला, चारला. हाताची सालटी निघेपर्यंत.

तीन वर्षांपूर्वी छातीत फार धडधडू लागले. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. हृदय निरोगी निघाले. त्यांनी एका समुपदेशक बाईंकडे पाठविले. मनाचे दुखणे ऐकून घेऊन मार्ग दाखविणाऱ्या त्या बाई. त्या याच पद्धतीने काम करीत. आठवड्यातून एक वेळ, असे जवळजवळ वर्षभर मी त्यांच्याकडे जात होते.

मला वाटले होते, त्या मला भूकंपाविषयी विचारतील. त्यांनी तो विषयच काढला नाही. म्हणाल्या, "ताई, ती भांडी घासणारी आहे ना, ती अंगात कुठं जाणवते?" मी म्हटले, "दंडात आणि दातांत." "तिच्याबद्दल तुम्हाला काय वाटतं?" मी म्हटले, "वैताग. झोपू देत नाही मेली." त्या म्हणाल्या, "त्या वैतागाला थोडं बाजूला बसायला सांगा. मग तिला विचारा, तू भांडी घासली नाहीस तर काय होईल अशी तुला भीती वाटते?"

मला हसू आले. तरी डोळे मिटून विचारले. उत्तर माझ्याच मनातून आले, पण मी ते रचले नव्हते. ती म्हणाली, "आवाज थांबला की त्याची हाक ऐकू येते."

भगिनींनो, इतकी वर्षे मी जिला मेली म्हणत होते, ती इतकी वर्षे मला त्या हाकेपासून वाचवीत होती.

त्या दिवशी आम्ही पुढे गेलो नाही. या पद्धतीत हा नियम फार कडक आहे. राखणदारांनी परवानगी दिल्याखेरीज माळ्यावरच्या मुलाकडे जावयाचे नाही. आधी त्यांचे आभार मानावयाचे, त्यांची भीती ऐकावयाची. माझ्या कारभारणीला बाईंनी एक प्रश्न विचारावयास लावला. "तुझ्या मते या बाईंचं वय काय?" उत्तर आले, "तेरा." तिला कोणी सांगितलेच नव्हते की मी मोठी झाले. मी तिला मनातल्या मनात सगळे दाखविले. माझे पांढरे केस, माझी मुलगी कॉलेजात जाते, आमचे घर खांबांवर उभे असलेले आहे, भिंतीत लोखंड आहे. तिला विश्वास बसावयास दोन महिने लागले.

मग एके दिवशी वाट मिळाली. ती मुलगी तेथेच होती, परकर-पोलक्यात, कमरेपर्यंत मातीत. मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिला काही समजावून सांगितले नाही. तिला काय हवे ते विचारले. तिला एवढेच हवे होते की, ती हाक कोणी तरी तिच्याबरोबर ऐकावी. मी ऐकली. मग ती म्हणाली, "जागा माझी होती." हे ओझे ती इतकी वर्षे घेऊन बसली होती. भूकंप तिने आणला नव्हता, भिंत तिने बांधली नव्हती. पण मुलांना असे वाटते, आणि कोणी विचारले नाही तर जन्मभर वाटत राहते. शेवटी, ओझे उतरविण्याची वेळ आली तेव्हा बाईंनी विचारले की, ते कशाला द्यावयाचे? माती, पाणी, अग्नी, वारा, जे तिला रुचेल ते. मातीला तिने साफ नकार दिला. तिने ते तेरणेच्या पाण्यात सोडले. मग मी तिला तेथून उठवून माझ्या स्वयंपाकघरात आणले.

हे सगळे डोळे मिटून मनात घडते. कोणाला ते पोरखेळ वाटेल. मला त्या रात्री सलग सहा तास झोप लागली.

पुढची गोष्ट सांगते, ती उपचाराबाहेरची आहे. त्या दिवाळीला मी माहेरी गेले आणि आईजवळ भावाचे नाव काढले. तीस वर्षांत पहिल्यांदा. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "झोपंत लई पाय झाडायचा गं तो. म्याच त्याला भिंतीकडं सरकावलं होतं." म्हणजे मी समजत होते जागा माझी होती म्हणून, आणि आई समजत होती तिने सरकविले म्हणून. एकाच ओझ्याखाली आम्ही मायलेकी एकाच घरात वाकून राहिलो, आणि एकमेकींना दिसू नये म्हणून दोघींनी नाव घेणे सोडले. त्या रात्री आम्ही दोघी त्याच्याविषयी बोललो. तो कसा हसे, गूळ कसा चोरी, हेही बोललो. गेलेल्या पोराचे हसणेसुद्धा आम्ही माळ्यावर कोंडले होते.

आता मी पूर्ण बरी झाले असे म्हणणार नाही. चतुर्दशीच्या रात्री अजून जाग येते. पण भांड्यांकडे न जाता पुन्हा झोप लागते. उशाची विजेरी तशीच आहे. कारभारणीला मी काढून टाकले नाही, तिला दुसरे काम दिले. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात गॅसची नळी आणि औषधांची पेटी कोण तपासते, हे आपण पाहताच.

या पद्धतीची थोरवी फुगवून सांगावयाची नाही. २०१३ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. आमवाताच्या ७९ रुग्णांपैकी ३९ जणांना नऊ महिने ही पद्धत शिकविली, बाकी ४० जणांना आजाराची माहिती दिली. पहिल्या गटाचे दुखणे कमी झाले, आणि वर्षभराने पाहिले तेव्हाही सांध्यांचे दुखणे व खिन्नता यांत फरक टिकून होता. पण हा प्रयोग लहान आहे. मोठे पुरावे अजून पुष्कळ जमावयाचे आहेत. ज्यांना भास होतात, ज्यांची शुद्ध हरपते, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून या वाटेला जाऊ नये. चालू गोळ्या तर कोणीही आपल्या मनाने बंद करू नयेत. आणि जी गोष्ट आठवली की अंगाला कापरे भरते, ती एकटीने उकरू नये. त्यासाठी जाणते माणूस जवळ हवे. सरकारने ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस नावाची सोय केली आहे. १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक रात्रंदिवस, विनामूल्य चालतो आणि मराठीतही बोलता येते. हा क्रमांक प्रत्येकीने शिधापत्रिकेजवळ लिहून ठेवावा.

रोजच्या लहानसहान कुरबुरींसाठी मात्र आपल्या घरी करण्याजोगे आहे. भाजी चिरताना राग उसळला, तर "मी रागीट आहे" असे न म्हणता "माझ्यातली एकजण रागावली आहे" असे म्हणून पाहावे. तेवढ्याने तिच्यात आणि आपल्यात हातभर अंतर पडते. मग ती अंगात कोठे आहे ते पाहावे, घशात, पोटात, की कपाळात. तिला विचारावे, "बाई, तुला कशाची भीती वाटते?" उत्तर लगेच आले नाही तर घाई करू नये. रुसलेल्या जावेला आपण एका दिवसात मनवितो का?

आपल्याला लहानपणापासून मन मारावयास शिकविले. मन मारून सासरी राहा, मन मारून हसा. मारलेले मन मरत नाही, माळ्यावर जाऊन बसते. म्हणून माझी हात जोडून एक विनंती आहे. कोणी भगिनी आपले दुःख सांगू लागली तर "झालं गेलं विसरून जा" असे तिला म्हणू नका. ते वाक्य म्हणजे माळ्याची कडी. तिला एवढेच म्हणा, "सांग, मी ऐकते आहे."

आपले मंडळ हळदीकुंकवाला, भिशीला, सहलीला एकत्र येते. महिन्यातून एक दुपार नुसती ऐकण्यासाठी ठेवावी, आणि तेथे बोललेले तेथेच राहावे, अशी सूचना मी कार्यकारिणीपुढे ठेवते. ज्या भगिनींना ती पसंत असेल त्यांनी सभा संपल्यावर चिटणीसबाईंकडे नाव द्यावे. पहिले नाव मी घातले आहे. दुसरे माझ्या आईचे आहे. ती पुढच्या महिन्यात येथे राहावयास येणार आहे.